लाईन गेली तरी गाडी चालू

शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. दर निवडणुकीला ती येणार असते आणि मतमोजणी झाली की परत जाते. तालुक्यातली पहिली आगगाडी अखेर मांडवगण फराट्याला एका बंगल्यापुढच्या हिरवळीवर धावली. तिला कुणी विरोध केला नाही, कुणाची जमीन गेली नाही आणि पाहणीसाठी कुठली समितीही आली नाही. ती सुरळीत चालवण्याचं काम मात्र माझ्याकडे आलं.

मी तेव्हा शिरूरला एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. ज्याला ओहमचा नियम शिकवता येतो त्याला मिक्सरही दुरुस्त करता येत असणार, अशी आमच्या भागात समजूत आहे. माझ्या बाबतीत ती दुर्दैवाने खरी होती. कॉलेजपासून मला रेडिओ उघडायचा नाद होता, आणि उघडलेले रेडिओ बंद करायलाही मी हळूहळू शिकलो होतो. त्यामुळे पालकसभेला येणारे अर्धे पालक मुलाची चौकशी करत आणि उरलेले पिशवीतून इस्त्री काढत.

बंगला चेअरमनचा होता. गावात त्यांना सगळे चेअरमनच म्हणत. कशाचे, हे विचारायची पद्धत नव्हती. तेव्हा ते दूध संस्थेचे होते, आधी सोसायटीचे होते, आणि मधल्या काळात कशाचेच नव्हते तेव्हाही चेअरमनच होते. दूध संस्थांच्या पदाधिकाऱ्यांचा एक अभ्यासदौरा जर्मनीला गेला होता. बाकीच्यांनी येताना चॉकलेटं आणली. चेअरमननी तिथं कुणाच्या तरी बागेत फुलझाडांमधून फिरणारी आगगाडी पाहिली आणि तसली एक विकत घेऊन आले. दौऱ्यात गायींबद्दल काय अभ्यास झाला असं विचारलं तर म्हणत, "गाया आपल्यासारख्याच हायेत. जरा गप असत्यात."

इंजिन हातभर लांबीचं, काळं, दिसायला अगदी जुन्या वाफेच्या इंजिनासारखं. पोटात मात्र विजेची मोटर. मागे तीन डबे. हिरवळीच्या कडेकडेने पितळी रूळ टाकलेले, मोरीच्या सिमेंट पाइपाचा एक बोगदा, आणि बंगल्याच्या फाटकापाशी जिथे मोटारी आत येत तिथे रूळ सिमेंटमध्ये बसवून केलेलं लेव्हल क्रॉसिंग. वीज रुळांतूनच यायची. रुळातली वीज चाकांना, चाकांतून पत्र्याच्या दोन बारीक जिभांना, जिभांतून मोटरला. जर्मनीत हे चालत असेल. तिथल्या बागेत धूळ नसावी, मुंग्या शिस्तीत चालत असाव्यात आणि घराबाहेरून उसाच्या ट्रॉल्या जात नसाव्यात. इथं सकाळी पुसलेले रूळ दुपारपर्यंत काळे पडत. मग इंजिन दोन हात चालायचं, विचार करायचं आणि थांबायचं.

शिवाय लाईन. आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात. वीज हा शब्द आकाशातल्या विजेसाठी राखून ठेवलेला आहे, आणि त्या काळात तीच जास्त नियमित होती. भारनियमनाचे दिवस होते. "लाईन गेली" आणि "लाईन आली" या दोन वाक्यांवर गावाचा दिवस चाले. लाईन आली की मोटारी चालू करायला माणसं शेताकडे पळत आणि लाईन गेली की परत येऊन पारावर बसत.

एकदा पुण्याचे कुणी साहेब जेवायला आले होते. चेअरमननी त्यांना गाडी दाखवायला घेतली. गाडी बोगद्यात शिरली आणि बाहेर आली नाही. साहेबांनी थोडा वेळ बोगद्याकडे पाहिलं. चेअरमन शांतपणे म्हणाले, "आत क्रॉसिंगला थांबलीय." साहेबांनी मान डोलावली. दौंडमार्गे प्रवास करणाऱ्या माणसाला हे कारण लगेच पटतं.

पण साहेब गेल्यावर चेअरमननी मला बोलावणं पाठवलं.

"सर, ही गाडी लाईनशिवाय चालली पायजे."

"मग बॅटरी घालावी लागेल. आणि रिमोट बसवू. रूळ मग फक्त रस्ता दाखवायला."

"रिमोट म्हंजी टीव्हीसारखा?"

"तसाच. पण टीव्हीचा रिमोट समोर धरावा लागतो. हा रेडिओवर चालेल, झाडाआडूनही."

"मंग करा. आन् एक करा सर. बटन दाबून धरायला लागू नये. मला दोन्ही हात मोकळे पायजेत."

"कशाला?"

"नमस्कार कराया," चेअरमन म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुठेही विनोद नव्हता.

मी इंजिन खोक्यात घालून दौंडला मामांकडे नेलं. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. रेल्वेत ड्रायव्हर होते, आणि दौंडला ड्रायव्हर असणं म्हणजे काय हे दौंडबाहेरच्यांना सांगून कळत नाही. तिथं डॉक्टरला डॉक्टर म्हणतात, वकिलाला वकील म्हणतात, पण ड्रायव्हर रस्त्याने निघाला की पानवाला घड्याळ लावून घेतो. मामांच्या परसात लोखंड पकडायचा व्हाइस होता, कानसांचा संच होता आणि रिकामा वेळ होता. पण खोकं तिकडे न्यायचं खरं कारण मामीने दिलं होतं.

ड्रायव्हर निवृत्त होतो तेव्हा त्याची शेवटची गाडी असते. दोस्तमंडळी इंजिनाला हार बांधतात, ड्रायव्हरच्या गळ्यात हार पडतो, रुळावर फटाके लावतात, आणि तो आपल्या हातांनी गाडी दौंडच्या फलाटाला आणून उभी करतो. फलाटावर बायको-मुलं असतात, ताशा असतो, पेढे असतात. मामांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या इंजिनांना हार बांधले होते. त्यांची स्वतःची वेळ जवळ आली तेव्हा डोळ्यांच्या तपासणीत काहीतरी निघालं. लांबचं सगळं दिसायचं, पण लाल आणि हिरव्यातला फरक चुकायला लागला होता. रेल्वेत हा फरक फार मानतात. मामांना इंजिनावरून उतरवून शेडच्या ऑफिसात बसवलं, तिथं ते या टेबलावरचे कागद त्या टेबलावर नेत राहिले, आणि एका दुपारी चहा, वेफर्स आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना निरोप दिला. ते घड्याळ मामांनी भिंतीवर लावलं नाही. कपाटावर झोपवून ठेवलं.

"त्यांची शेवटची गाडी राहिलीय रं," मामी मला म्हणाली होती. "तोंडानं बोलत न्हाईत. पन कुणाच्या शेवटच्या गाडीचा ताशा वाजला की ह्यांचं पोट दुखतंय. जाऊन पडत्यात."

मी खोकं ओट्यावर उघडलं. मामांनी इंजिन हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, चिमणीत फुंकर मारली.

"ब्रेक कुठं हाय ह्याला?"

"ब्रेक नाही. मोटर बंद झाली की थांबतं."

"आन् ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर बाहेर उभा राहणार. रिमोट घेऊन."

मामांनी इंजिन खाली ठेवलं. "गुरुजी, ज्या इंजिनावर ड्रायव्हर न्हाई त्याला इंजिन म्हनत न्हाईत. सुटल्याला डबा म्हनत्यात. त्याच्या मागं मानसं पळत असत्यात, त्यांच्या हातात रिमोट नसतो येवढंच."

पण संध्याकाळी मी परत निघालो तेव्हा इंजिन खोक्यात नव्हतं. ते व्हाइसच्या शेजारी जुन्या पंचावर ठेवलेलं होतं आणि त्याचे चार स्क्रू काढून झाले होते.

पुढे काही रविवार आम्ही परसात बसलो. मुख्य काम सोपं असतं, पण कुणाला सांगायला गेलं की अवघड वाटतं. रुळातून वीज घेणाऱ्या त्या दोन जिभा आधी कापून टाकायच्या, नाहीतर बॅटरीची वीज उलटी रुळात जाईल. मग इंजिनामागच्या पहिल्या डब्यात बॅटरी बसवायची. बॅटरी मी बंद पडलेल्या इमर्जन्सी दिव्यातली घेतली. त्या काळात घरोघर तो दिवा होता. दिवा बिघडायचा, बॅटरी टिकायची. रिमोटसाठी पुण्याहून खेळण्यातली मोटार आणली. झगमगीत लाल, दारं उघडणारी. मी ती पेटीतून काढली आणि लगेच उघडून तिच्या पोटातली रेडिओची पट्टी काढून घेतली. मामी चहा घेऊन आली होती. उरलेल्या सांगाड्याकडे बघत म्हणाली, "नवी गाडी मोडून जुनी चालवायची. ह्याला शिकल्यालं म्हनत्यात व्हय?"

रेडिओची पट्टी इंजिनात गेली. तिची एरियल म्हणजे हातभर वायर. ती मी चिमणीभोवती गुंडाळली, कारण इंजिनात तीच जागा सगळ्यात उंच होती आणि तिथे गुंडाळलेली वायर दिसतही नव्हती. या जागेबद्दल मला बराच अभिमान वाटला, म्हणून मुद्दाम सांगून ठेवतो.

खेळण्यातल्या मोटारीचं असं असतं की बटण दाबून धरलं की ती चालते आणि सोडलं की थांबते. चेअरमनच्या नमस्कारासाठी मी मध्ये एक रिले, म्हणजे दाबलेलं धरून ठेवणारा स्विच, घातला. हिरवं बटण एकदा दाबलं की गाडी चालूच राहणार, लाल दाबेपर्यंत. मामांना हे अजिबात आवडलं नाही.

"हात सुटला की गाडी थांबली पायजे. ड्रायव्हर मेला तर गाडीला कळाया पायजे का न्हाई?"

मामांचे आक्षेप तसे पुष्कळ होते. रूळ घसरडे झाले तर टाकायला वाळू नाही. शेवटच्या डब्याला मागचा लाल दिवा नाही. इंजिनात पाणी प्यायला तांब्या नाही. गार्डशिवाय गाडी सोडणं नियमात बसत नाही. वाळूपासून तांब्यापर्यंतच्या यादीत हाही एक आक्षेप होता, आणि मी सगळ्यांना सारखाच मान दिला. म्हणजे मान डोलावली.

मग रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वळवून पाहिला. बटणं शेजारी-शेजारी, एकाच आकाराची, एक लाल आणि एक हिरवं. मामा नुसता अंगठा या बटणावरून त्या बटणावर नेत राहिले. माझ्या लक्षात येईपर्यंत मामी ओट्यावरून उठली होती. तिने आरशाच्या चौकटीला चिकटवलेली एक टिकली काढली, मध्ये खडा असलेली, आणि थांबायच्या बटणावर दाबून बसवली.

"बघू नका. चाचपा," ती म्हणाली.

मामांनी अंगठा फिरवला. "हां. हा सिग्नल बरा हाय," म्हणाले. "सरकारला सुचला असता तर अजून इंजिनावर असतो."

पहिल्यांदा इंजिन व्हाइसमध्ये उलटं धरून चालवलं. चाकं हवेत फिरली. मामांनी टिकली दाबली, चाकं थांबली. पुन्हा चालवली, पुन्हा थांबवली. मी पट्टीवरचे सोल्डरचे डाग तपासून इंजिन मिटायला घेतलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे अजून. चेक करतो." असं दुपारभर चेक चाललं होतं.

उद्घाटनाची कल्पना चेअरमनना स्वतःलाच सुचली. मी फक्त म्हणालो की उद्घाटनाला गाडी चालवायला खराखुरा रेल्वेचा ड्रायव्हर मिळू शकेल. चेअरमननी ते लगेच उचललं. पत्रिका छापली. तिच्यात प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, कृपाभिलाषी, सगळं होतं. पाहुणे पुण्याहून येणार होते आणि त्यांचा फोटो गाडीच्या फोटोपेक्षा मोठा होता. तळाला "गाडीचे चालक: रेल्वेचे निवृत्त चीफ ड्रायव्हर" असं छापलेलं होतं. मामा चीफ वगैरे नव्हते. चेअरमन म्हणाले, "पत्रिकेत नुसतं ड्रायव्हर बरं दिसत न्हाई, लोक ट्रॅक्टरचा समजत्यात."

स्टेशनांच्या नावांवरून थोडी वाटाघाट झाली. चेअरमनना हिरवळीच्या एका कोपऱ्यावर मांडवगण हवं होतं. "आमच्या गावाला रेल्वे न्हाई. बोर्ड तरी लागू द्या." मामांची हरकत नव्हती, पण दुसऱ्या कोपऱ्यावर दौंड पाहिजे म्हणाले. आणि पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत "दौंड जं." असं रंगवून घेऊन आले. त्यांना त्यात पिवळा नीट दिसतो का मला माहीत नाही, पण रंग अचूक होता. ठरलं असं की गाडी मांडवगणहून सुटेल, बोगद्यातून जाईल, फाटकाचं क्रॉसिंग ओलांडेल आणि दौंडवरून पुन्हा मांडवगणला येईल. अशा काही फेऱ्या. तोवर भाषणं. शेवटी मामा ती दौंडला आणून उभी करतील.

मामी दौंडच्या बोर्डाशेजारी खुर्ची टाकून बसली. नवं लुगडं, हातात पेढ्यांची पुडी. मंडपात इतक्या खुर्च्या असताना तिथं उन्हात का बसता म्हणून चेअरमनच्या घरच्यांनी दोनदा विचारलं. "गाडी हितं येनार हाय," ती म्हणाली.

मामांनी दौंडच्या बाजारातून इंजिनासाठी हार आणला होता. झेंडूचा नाही, झेंडू रुळावर गळतो आणि चाकाखाली येतो. जरीचा. रुपेरी आणि सोनेरी पन्नीच्या पट्ट्यांचा, उन्हात डोळे दिपवणारा. हार घालायचा मान चेअरमनचा, म्हणून तो त्यांच्या हातात दिला. पण प्रमुख पाहुणे आलेले नव्हते आणि चेअरमन हार हातात घेऊन फाटकापाशी पाहुण्यांची वाट बघत उभे होते. कार्यक्रमाची वेळ झाली.

आपल्याकडे पत्रिकेवरच्या वेळेचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. जन्मभर गाडी वेळेवर सोडलेल्या माणसाला तो ठाऊक नसतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मामांनी मनगटावर पाहिलं, घसा साफ केला, आणि बटण दाबलं. गाडी सुटली.

"अवं! अवं आप्पा, थांबवा! फोटो राह्यला!" चेअरमन फाटकाकडून धावत आले.

"सुटलेली गाडी हारासाठी थांबत न्हाई," मामा म्हणाले. "चालत्या गाडीला घाला."

चेअरमन वाकून गाडीबरोबर खेकड्यासारखे आडवे धावले आणि बोगद्याच्या तोंडाशी हार चिमणीत टाकला. फोटोग्राफरने त्यांचा पाठमोरा फोटो काढला. हार चिमणीभोवती मस्त बसला, गाडी झळाळत बोगद्यातून बाहेर आली आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मामांना व्यासपीठावर नेलं. शाल, श्रीफळ, झेंडूचा भला मोठा हार. मामा खुर्चीत बसले, रिमोट मांडीवर, अंगठा टिकलीवर. पाहुणे येईपर्यंत वेळ काढायला चेअरमननी भाषण सुरू केलं. आमच्या भागात पाहुणे येईपर्यंतचं भाषण हा स्वतंत्र प्रकार आहे. त्याला विषय नसतो, कारण विषय संपला तर पंचाईत. चेअरमन जर्मनीपासून निघाले, दुधाच्या फॅटवरून प्रगतीवर आले. "प्रगतीची ही गाडी आता कुनी थांबवू शकत न्हाई!" ते म्हणाले.

मी मामांकडे पाहिलं. मामा टिकली दाबत होते.

गाडी दौंडच्या बोर्डासमोरून सरळ निघून गेली. मामीने अर्धवट उठून पुन्हा बसून घेतलं. मामांनी दाबलं, रिमोटची कांडी पूर्ण बाहेर ओढली, उजवीकडे धरला, डावीकडे धरला, पुन्हा दाबलं. गाडी मांडवगण घेऊन बोगद्यात शिरली. पुढच्या फेरीलाही ती दौंडला थांबली नाही. मामा माझ्याकडे बघायला लागले. शेडच्या ऑफिसात बसवल्यावर ते असेच बघायचे.

मी खालून खुणेने विचारत होतो की सेल नीट बसलेत का, तेवढ्यात लाऊडस्पीकरने एक उचकी दिली आणि मंडपातले पंखे मंद होत थांबले. लाईन गेली. दुसऱ्या कुठल्याही कार्यक्रमात इथे चुळबूळ झाली असती. पण गाडी झगमगत चाललीच होती. चेअरमन माइक सोडून हात वर करून ओरडले, "बघा! लाईन गेली तरी गाडी चालू हाय!" प्रचंड टाळ्या. मी वर्गात इतकी वर्षं वीज शिकवली, तिचा इतका सत्कार कधी पाहिला नाही.

टाळ्या थांबतात तोच फाटकाबाहेर हॉर्न वाजला. प्रमुख पाहुण्यांची जीप. दोघांनी धावत जाऊन फाटक सताड उघडलं. गाडी तेव्हा बोगद्याच्या अलीकडे होती. बोगद्यानंतर फाटक.

मामा उभे राहिले. त्यांच्या नोकरीत त्यांच्या गाडीखाली गाढवसुद्धा आलेलं नव्हतं. हे ते फार क्वचित सांगत, पण सांगत तेव्हा टोपी काढून सांगत. शाल खांद्यावर, हार गळ्यात, रिमोट हातात अशा थाटात ते व्यासपीठावरून उतरले आणि हिरवळीतून तिरपे निघाले. पळत नव्हते. ड्रायव्हर पळत नाही. पण धोतराच्या निऱ्या डाव्या हातात गोळा केलेल्या होत्या.

आणि ऊन त्या वेळी हारावर पडलं. चिमणीभोवती पन्नीच पन्नी, आणि पन्नीच्या आत माझी एरियल. रेडिओला चांदीच्या डब्यात घालून झाकण लावल्यासारखं झालं होतं. टिकली कितीही दाबली तरी आत काही ऐकू जाणार नव्हतं.

"मामा!" मी ओरडलो. माइक बंद असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "हार काढा! हार काढा आधी!"

मामांनी चालता चालता गळ्यातला झेंडूचा हार काढला आणि हिरवळीवर टाकला.

 चेअरमनचा चेहरा पडला. सत्कार नाकारण्याचा असा प्रसंग त्यांच्या राजकीय आयुष्यातही आला नसावा.

"तो नाही! इंजिनाचा! इंजिनाचा हार!"

"मंग तसं बोल की लेका!"

गाडी बोगद्यातून बाहेर पडली. जीपचं तोंड फाटकात आलेलं. मामा गाडीच्या बरोबरीला आले, चालतच वाकले, आणि झोपलेल्या बाळाच्या गळ्यातली साखळी काढावी तसा दोन बोटांनी हार चिमणीतून वर उचलला. इंजिन हललंसुद्धा नाही. दुसऱ्या हाताचा अंगठा टिकलीवर गेला.

गाडी थांबली. क्रॉसिंगपासून वीतभर अलीकडे. जीपचं पुढचं चाक रुळावरून गेलं, मागचं गेलं, आणि जीप आत येऊन उभी राहिली.

प्रमुख पाहुणे उतरले. समोर शाल पांघरलेला एक म्हातारा माणूस हातात जरीचा हार धरून उभा. मागे सगळा मंडप उभा राहून त्यांच्याकडेच बघतोय. पाहुण्यांनी नम्रपणे हात जोडले आणि सवयीने मान पुढे वाकवली.

मामांनी त्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं.

"जरा लायनीवरनं बाजूला व्हा," म्हणाले. "गाडी यायचीय."

पाहुणे बाजूला झाले. त्यांना कुणीतरी इतक्या थोड्या शब्दांत काही सांगितल्याला बरीच वर्षं झाली असावीत.

मामांनी क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना मान फिरवून पाहिलं. मग बटण दाबलं. गाडी निघाली. हार मनगटावर अडकवून मामा तिच्या बाजूने चालत राहिले, जिथे इंजिनात ड्रायव्हर बसायची जागा असते तिथे बरोबर. मध्येच त्यांनी तोंडाने शिट्टी दिली. एक लांब, एक आखूड. तिचा अर्थ मला माहीत नाही. मामीला माहीत होता, कारण ती उठून उभी राहिली आणि पदर नीट केला. पिवळ्या बोर्डासमोर इंजिन आलं आणि मामांनी अंगठा टेकवला. चिमणी बरोबर "दौंड"च्या "दौं"समोर.

 मामीने पुडी सोडून आधी एक पेढा इंजिनापुढे ठेवला. मग मामांच्या मनगटावरचा जरीचा हार काढून घेतला, थोडा झटकला आणि त्यांच्या गळ्यात घातला.

"लेट केलात," ती म्हणाली.

"क्रॉसिंग होतं," मामा म्हणाले.

ताशा नव्हता. पण नेमकी लाईन आली, लाऊडस्पीकर आपोआप सुरू झाला, आणि मंडपवाल्याने आधी लावून ठेवलेलं सनईचं रेकॉर्डिंग एकदम मोठ्याने वाजायला लागलं. ते पाहुण्यांसाठी होतं. चेअरमन पाहुण्यांना घेऊन व्यासपीठाकडे निघाले होते, ते थबकले. मग त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना आजही मानतो. ते वळून दौंडच्या बोर्डापाशी आले, हिरवळीवर पडलेला झेंडूचा हार उचलून झटकला आणि स्वतःच्या हातांनी चिमणीत घातला. झेंडूचा हार रेडिओला चालतो.

मामांनी रिमोट त्यांच्यापुढे केला. "चार्ज घ्या."

"आप्पा, चालवा की अजून. पाहुण्यांना दाखवा."

"न्हाई. माझी ड्युटी संपली."

चेअरमननी रिमोट घेतला. टिकलीवर बोट फिरवत विचारलं, "हे काय?"

"सिग्नल," मामा म्हणाले.

जेवण करून आम्ही संध्याकाळी दौंडकडे जाणाऱ्या एसटीत बसलो. चेअरमननी जीप देऊ केली होती; मामीला एसटी बरी वाटली. गाडीत बरीच गर्दी होती, पण जरीच्या हारामुळे मामांना लगेच खिडकीची जागा मिळाली. ती पन्नी दर खड्ड्याला सळसळायची. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला आणि मामांच्या गळ्याकडे बघत राहिला.

"काय आबा, कुठं निवडून आलात?"

"न्हाई," मामा म्हणाले. "रिटायर झालो."

कंडक्टरने त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं. "कवा?"

मामांनी मनगटावर पाहिलं.

"मगाशी," म्हणाले.